आमच्याकडे मांजर नाही

नोव्हेंबरात इथे, ताम्पेरेत, दुपारी चारलाच रात्र.
सहा वाजता ऊनानं फ्रिजवर कागद लावला,
रेनडियरच्या चुंबकाखाली:
नाव लाउरी, आडनाव त्यानं सांगितलं तेच,
आधी कॅफे, मग जमलं तर तळ्याकाठी चालणं,
ट्राम तीन नंबर, परत साडेअकरापर्यंत.
फोन पूर्ण चार्ज.
"आणि मी मांजराचं विचारलं, तर आई..."
माहीत आहे मला.
आमच्याकडे मांजर नाही.

त्याच संध्याकाळी इल्मारीही निघाला.
एकोणीस वर्षं, ओले केस, अत्तर जरा जास्तच.
खिशात पाकीट आणि च्युइंगम.
फ्रिजकडे पाहिलं त्यानं, ते दुधासाठी.

मी त्याला जिन्यातून परत बोलावलं.
एक बूट पायात, एक हातात, तसाच उभा राहिला.
म्हटलं, ती प्यायलेली असेल तर तिचा होकार धरू नकोस.
गप्प बसणं म्हणजे हो नव्हे,
हसणंही नव्हे, माणूस कधी भीतीनंही हसतं.
आणि मघाशी हो म्हणालेली आता नको म्हणाली
तर कारण विचारत बसू नकोस,
तिचा कोट शोधून दे.
"आई, मी तसला नाहीये."
उंबरठा ओलांडताना तसला कोणीच नसतो, बाळा.
तो चिडला. दार आपटलं नाही,
पण आपटल्यासारखं लावलं.

मग मी आणि घड्याळ.

एक गोष्ट त्याला सांगितली नाही.
तुर्कूच्या बंदराजवळची एक रात्र, एक्क्याण्णव सालची.
मीही चिठ्ठी ठेवली होती, मैत्रिणीच्या उशीवर.
पेला हातातून सोडला नव्हता.
उजेडाच्या रस्त्यानं गेले होते. तो ओळखीचा होता.
परीक्षेत लिहावं तसं सगळं नीट लिहिलं होतं,
पण पेपर त्याच्या हातात होता.
पुढे कित्येक वर्षं मी माझी चूक शोधत राहिले,
हरवलेला मोजा शोधावा तशी,
पलंगाखाली, पुन्हा पुन्हा.
ती तिथे नव्हतीच.

दहा पन्नासला फोन थरथरला.
"मांजराला जेवण दिलंस का?"

काळजाचं पाणी होतं म्हणजे काय, ते कळलं.
लगेच फोन लावला, मोठ्यानं बोलले, त्यालाही ऐकू जावं म्हणून:
नळ फुटलाय, घरभर पाणी, आत्ताच्या आत्ता ये,
मी स्टॉपवर येतेय.
गाऊनवर कोट, पायात हाताला लागले ते इल्मारीचे जुने बूट.
बर्फावर पळणं या वयात शोभत नाही.
पळाले.

ती ट्राममधून उतरली. धड.
"काही झालं नाही," म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं, चालता चालता,
"मनगट सोड म्हटलं, तर हसला.
तीनदा म्हणावं लागलं."
तू त्याच्या घरी गेलीसच का, असं मी विचारलं नाही.
तो प्रश्न मला एकदा कोणीतरी विचारला होता.
अजून सलतो, कुसळासारखा.

दूध तापवलं, वेलदोड्याचा पाव कापला.
इल्मारी आला, थंडीनं नाक लाल.
बहिणीकडे पाहिलं, माझ्याकडे,
मग माझ्या पायातल्या त्याच्या बुटांकडे.
ऊनानं त्याला सांगितलं. सगळं. तीनदा, हेही.
आधी त्याची मूठ वळली.
"मूठ नकोय मला," ती म्हणाली, "बस इथे."
तो बसला. समोरचा कागद वाचू लागला,
ओळ न ओळ, ट्रामच्या नंबरासकट,
जणू घरातली ती भिंत आजच बांधलीय.
मग हळूच म्हणाला,
"काइसूच्या घरीही असा कागद असेल?
माझं नाव लिहिलेला?"

दुधावर साय धरली होती.
चमच्यानं बाजूला केली.
असेल, म्हटलं.
त्यांच्याकडेही मांजर नसेल.