तक्रारीचा रकाना

पत्र आलं ते फोंडू माजिकच्या नावानं,
मोर्ल्याच्या जुन्या पत्त्यावर.
प्रिय ग्राहक, आपल्या मॉडेलच्या काही गाड्यांत
ब्रेकची नळी चेसीला घासत असल्याचं आढळलं आहे.
सावधगिरी म्हणून जवळच्या केंद्रात यावे.
दुरुस्ती विनामूल्य.

विनामूल्य या शब्दाखाली
शेवंतीनं पेन्सिलीनं रेघ मारली होती.
का, ते मी विचारलं नाही.

गाडी आता माझी. चार पावसाळे झाले.
स्वस्तात पडली, कारण तिच्यात माणूस गेलेला.
मी राखणदाराला रोट दिला, नारळ दिला,
बंपर काळा रंगवला,
आणि सोड्याचे क्रेट भरून वाळपई, साखळी, डिचोली
फिरत राहिलो,
मागं दोनशे बाटल्यांचं भजन.

फोंडू बेळगावची भाजी आणायचा चोर्ल्यातून.
केरीच्या शेवटच्या उतारावर कठड्यावर गेला.
कोबी रस्ताभर.
लोकांनी आधी कोबी उचलले की आधी फोंडूला,
यावर गावात अजून दोन पक्ष आहेत.
एप्रिल होता, म्हणून सगळे म्हणाले, उर्राक.
पंचनाम्यात लिहिलं, भरधाव.

"घ्यायचा तो," शेवंती म्हणाली, पत्र पुढं करत,
"खोटं कशाला सांगू?
पण त्या दिवशी नाही. त्या दिवशी संकष्टी होती."

आदल्या रात्री मी साखळीला इनासकडं गेलो.
अपघातानंतर गाडी त्यानंच उभी केलेली.
"नळी फुटली होती रे," हात पुसत तो म्हणाला,
"पण रेडिएटरही फुटला होता, काचही.
आपटल्यावर सगळंच फुटतं.
आधी काय फुटलं, ते मला कुणी विचारलं?"
जुनी नळी कुठं आहे?
त्यानं भंगाराच्या दिशेनं हनुवटी हलवली.
तिथं आता केळी लावली आहे.

सकाळी करासवाड्याला निघालो.
शेवंती पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी.
डॅशबोर्डवरच्या गणपतीकडं बघून म्हणाली,
"हा मी चिकटवलेला. तेव्हाही तिरकाच बसला."
अस्नोडा येईपर्यंत मग काहीच नाही.

सेंटरमध्ये एसी, कागदी कपात चहा,
भिंतीवर नव्या पिकअपमधलं हसरं कुटुंब,
मागं सामान म्हणाल तर एक फुटबॉल.
प्रज्योत नावाचा पोरगा फॉर्म भरत होता.
किलोमीटर. रंग. डिझेल अर्धी टाकी.
"काही तक्रार?"
मी म्हटलं, नाही.
शेवंती म्हणाली, "आहे."

त्यानं पेन टेकवलं आणि वर बघितलं.
ती बघत होती फॉर्मकडं,
त्या रकान्याकडं, बोटभर लांब, दोन ओळींचा.
मागं कुणाचं तरी टोकन पुकारलं गेलं.
"राहू दे," ती म्हणाली, "इतक्यात मावायचं नाही."

काम चाळीस मिनिटांचं निघालं.
हातभर नळी, आणि पेराएवढी प्लास्टिकची क्लिप.
काढलेली नळी पोरानं ट्रेमध्ये आणून दाखवली.
एका जागी घासून चकाकत होती,
जुन्या जोडव्यासारखी.
शेवंतीनं त्या जागेवर अंगठा फिरवला.
ही नळी फोंडूची नव्हे, इनासनं नंतर घातलेली,
हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक असणार.
"ही मिळेल?"
"नाही बाई, कंपनीला परत पाठवावी लागते. मोजून."

परतताना मोर्ल्याचा फाटा आला तशी म्हणाली,
"पुढं चल. वर जाऊन उतरून येऊ."

घाटात मी काही बोललो नाही.
वर माकडं होती, गाडी वळवली.
उतरताना त्या वळणावर मी ब्रेक दाबला.
लागला.
आणि बाजूला तिचाही पाय खाली दाबलेला,
बोटं आवळून,
जिथं नुसतं रबराचं मॅट आहे.

तिथून घरापर्यंत ती विचारत राहिली,
बेळगावला कोबी हल्ली काय भावानं मिळतो,
आणि मी, ज्याला फक्त सोड्याचा भाव माहीत,
सांगत राहिलो काहीतरी.