चाळण

उजाडायच्या आत कामाला लागायचं,
नंतर दगड हाताला चटके देतात.
आम्ही सातजण, पाण्याचे पिवळे कॅन, दोन फावडी
आणि ही चाळण,
तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला,
जिथून सरोवर आता दिसतसुद्धा नाही.

एकिटेला पुढे चालतो, मान खाली,
चुकलेली शेळी शोधावी तसा.
हाड कुठलं नि दगड कुठला, त्याला कुणी शिकवलं नाही.
तो म्हणतो, जुनं हाड जिभेला चिकटतं,
दगड चिकटत नाही.
त्यानं चाटून पाहिलेलं कितीतरी
नैरोबीच्या कपाटांत नंबर लावून ठेवलं आहे.

चाळणीत काय येत नाही!
पसाभर मगरीचे दात,
पाणघोड्याच्या बरगडीचा तुकडा,
तीन बोटांच्या घोड्याची दाढ,
माशाचे मणके, बटणांसारखे गोल.
सासूला सांगितलं तर म्हणाली, मासे? इथे?
आणि हसली, ठसका लागेपर्यंत.
तिचा जन्म गेला या कोरड्या नदीत
कोपरभर खड्डा खणून
वाडगाभर पाणी उपसण्यात.

मंगळवारी दात आला.
भोपळ्याच्या बीएवढा, मधासारखा पिंगट, समोरचा, वरचा.
ओडुओर बाईंनी भिंग काढलं
आणि बराच वेळ श्वास घ्यायच्या विसरल्या.
माणूस? मी विचारलं.
व्हायचा होता अजून, त्या म्हणाल्या.
लहान मूल. हिरडीतून नुकता वर आलेला दात, झिजलेलाच नाही.

खाली राखेचा थर, वर राखेचा थर,
मध्ये हे मूल.
पंधरा लाख वर्षं, थोडं इकडेतिकडे.
थोडं म्हणजे?
पन्नास हजार.
लोमुरिया खो खो हसला.
त्याची मजुरी दोन दिवस इकडेतिकडे झाली
तर जेवत नाही तो.

मग त्यांनी समजावलं.
झाड वर्षाला एक कडं धरतं,
दात दिवसाला एक रेघ.
दिवस चांगला गेला तर रेघ सरळ,
पोट खपाटीला गेलं, ताप चढला, की वाढ थांबते,
आणि थांबलेलं तसंच राहतं,
दात हाडासारखा स्वतःला दुरुस्त करत नाही.
इथे बघ, त्या म्हणाल्या.

मला भिंग लागलं नाही.
नखाला कळली. आडवी खाच.
आजार असेल, दूध तुटलं असेल,
पाऊस झाला नसेल, आई गेली असेल.
यातलं नेमकं कुठलं ते दात सांगत नाही.
इतकंच सांगतो की हे मूल इथे थांबलं,
आणि खाचेच्या वर पुन्हा गुळगुळीत,
म्हणजे पुढे निघालं.
कुणीतरी काहीतरी आणून भरवलं असेल.
हे मी म्हणते. बाई म्हणाल्या, असं लिहिता येत नाही.

मी गप्प राहिले.
माझ्या वरच्या दातांवर हीच खाच आहे, जवळजवळ इथेच.
लोडवारच्या दवाखान्यात नर्सनं विचारलं होतं,
लहानपणी काय झालं होतं गं?
मला काय ठाऊक. आईला ठाऊक होतं.
आमच्याकडे सालांना आकडे नव्हते, नावं होती,
आणि त्या सालाचं नाव
ती आवाज उतरवून घ्यायची.

खालचे दोन दात तिनंच काढवले माझे, रीत म्हणून.
कुठे टाकले, विचारायचं राहिलं.
कुणाच्या तरी चाळणीत येतील,
राखेच्या कुठल्या तरी दोन थरांमध्ये,
आणि ती बाई डोकं खाजवील:
फक्त दोनच? आणि एवढे नीट उपटलेले?
खाजवू दे.

दात कापसात ठेवला, डबीवर तारीख घातली,
आणि उरलेली माती चाळत बसले.
दुसरं काही निघालं नाही, एक विंचू सोडून.

शनिवारी घरी गेले.
एवोईला म्हटलं, तोंड उघड.
आठ वर्षांचा, समोरचे नवे दात,
अजून तोंडाला मोठे वाटणारे.
लाजला, पळाला, मग आला.
मी अंगठ्याचं नख फिरवलं, वरून खाली,
सावकाश.
कुठे अडलं नाही.
पुन्हा फिरवलं.