चार रेघा, दोन ठिपके

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी फक्त चुका बघितल्या.
नोटांचा ताव समोर यायचा,
कुठे शाई फुटलीय, कुठे आकडा सरकलाय,
आणि हात पुढच्या तावाकडे जाईपर्यंत
डोळ्यानं निकाल दिलेला असायचा.

आता डोळ्याच्या मधोमध डाग आहे.
माणूस समोर आला की त्याला चेहरा नसतो,
कान असतात, खांदे असतात.
डॉक्टर म्हणाले, कडेकडेचं दिसत राहील.
ही दुनिया तेव्हा माझ्या टेबलावर आली असती
तर लाल पेन्सिलीनं खूण करून
बाद केली असती.

वृषालीनं पुण्याहून चष्मा पाठवला.
साडेचार हजारांचा, सेलमधला.
दांडीत कॅमेरा, दांडीतच एक बाई,
विचारलं की कानात सांगते.
पहिल्यांदा घातला तर
हात आपोआप वर गेले,
गेटवर झडतीला जायचे तसे.
आम्हाला आत स्वतःचा रुपया न्यायची बंदी,
डबा उघडून दाखवायचा, चपाती उलटून दाखवायची,
आणि आज नाकावर कॅमेरा लावून
त्याच भिंतीच्या कडेनं मी चालत जातो.
कोणी हटकत नाही.
मीच रस्ता ओलांडून पलीकडे होतो.

बाईचं मराठी शाळा तपासायला आल्यासारखं.
‘आपल्या समोर एक चारचाकी वाहन उभे आहे.’
उभं नव्हतं. रिक्षा होती, तीनचाकी,
माझ्या पायावरून जायची तेवढी बाकी होती.
औषधाच्या बाटलीवरचं मात्र अचूक वाचते,
सिटीलिंकचा बोर्ड वाचते.
दसकच्या घाटावर म्हणाली, ‘पाणी.’
म्हटलं, बाई, गोदावरी म्हण.
‘क्षमस्व. मला समजले नाही.’

बुधवारी जेलरोडच्या बाजारात
कौतिकबाईकडून मेथी घेतली, तीसची.
पन्नास दिले.
तिनं ओल्या हातानं नोट परत केली.
‘वीस रुपये,’ कानातली म्हणाली, अगदी ठाम.
पिवळट असणार. दोन्ही पिवळ्याच.
पण अंगठा केव्हाच कडेवर गेला होता.
चार रेघा. मधे दोन ठिपके.
विसाला रेघा नसतात.
‘कौतिकबाई, ही दोनशेची आहे.’

‘अगं बया! काका, चष्मा लई भारी हो तुमचा!’
शेजारच्या कांदेवाल्यानं किंमत विचारली,
कुठे मिळतो विचारलं,
आईला हवाय म्हणाला, तिलाही दिसत नाही.
मी सगळं सांगितलं,
चार्जिंग किती टिकतं तेसुद्धा.
अंगठ्याचं सांगायचं राहिलं.

संध्याकाळी मंदा दारात येऊन उभी राहिली.
‘मला बघून काय म्हणतो तुमचा चष्मा?’
विचारलं.
‘एक महिला. वय अंदाजे पंचावन्न. त्या हसत आहेत.’
मी तिला जसंच्या तसं सांगितलं.
‘पंचावन्न? बरा आहे. राहू दे.’

सदुसष्ट आहे ती.
आणि हसत नव्हती.
दाढ ठणकली की ओठ असे ताणून धरते,
आणि नेहमीपेक्षा दोन-चार वाक्यं कमी बोलते.
‘लवंग धरलीस का?’
जरा वेळ काहीच नाही.
मग म्हणाली, ‘हे पण त्यानंच सांगितलं?’
‘हो,’ म्हटलं.

रात्री चष्मा खिडकीपाशी चार्जिंगला लावला.
त्याचा बारका दिवा लागला असावा.
मंदा मच्छरदाणीची दोरी बांधत होती,
ट्यूबलाइट तिच्या मागे.
मी मान जरा तिरकी केली,
उजेडाशी ताव धरताना करायचो तशी,
तेव्हा डाग एका बाजूला सरकला
आणि कडेकडेनं ती आली:
कुडी, कोपर,
पदरातून निसटलेला एक धागा.

‘पदराचा धागा सुटलाय तुझ्या.’

‘चष्मा तर तिकडे आहे,’ ती म्हणाली.