दोन करारांमधली पानं

जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो
त्याच्या मधली चार पानं आमच्या घराची.
जन्म, विवाह, मृत्यू. छापील रकाने, कडेला वेलबुट्टी,
आणि खापरपणजोबा एलायजापासून सगळ्यांची अक्षरं,
बरीचशी शाईतली, काही पेन्सिलीतली.

दर एकतीस डिसेंबरला बाबा लिहायचे.
यंदा म्हणाले, "यूना, तू बस.
माझा हात आता दुसऱ्याच कुणाचं नाव लिहील."

चुलीत बर्चची लाकडं. बाहेर खाडी
अजून गोठली नाही, नुसती दाटलीय,
तापल्या दुधावर साय धरते तशी.
मी चष्मा पुसला.

जन्म: एक. हेडलीचा लीअँडर, नऊ एप्रिल, तिकडे अल्बर्टात.
आम्ही तो फोनच्या काचेत पाहिला.
आईला कमी ऐकू येतं, ती फोन कानाला लावून बसली,
म्हणजे त्या पोराने या जगात
आजीचा कान आधी पाहिला, आजी नंतर.

विवाह: नाही.
मृत्यू: एक. एफी आत्या, ऑगस्ट.
त्या दिवशी कॉड इतका लागला होता
की पुरुषमंडळी रबरी बुटांतच दफनाला आली.
पाद्रीबाई काही बोलल्या नाहीत.
आत्या असती तर आधी विचारलं असतं, किती मिळाले?

झालं. रकाने भरले.
वर्ष मात्र तसंच टेबलावर उरलं.

सप्टेंबरात चर्च बंद झालं ते कुठे लिहू?
शेवटच्या रविवारी आम्ही नऊ जण,
त्यातली एक बाई रस्ता चुकून आलेली.
घंटा ट्रकवर चढवून नेली, वळणावर ती एकदा वाजली.
सेल्बी म्हणाला, "खड्डा होता."
मग बाकांची वाटणी. आम्हाला चौथ्या रांगेतला मिळाला,
तो दाराशी ठेवलाय, बूट काढायला बरा पडतो.
पण रविवारी अकराला बाबा
दाढी करून, टाय लावून, त्यावर बसतात.
समोर खुंटीवरचे रेनकोट आणि वाळत घातलेले मोजे.
मी विचारलं, "प्रार्थना करता?"
"छे. जागा धरून ठेवतो."

आणि हेडलीचे दिवस?
चारशे अकरा झाले, बाटलीला हात न लावता.
आई म्हणते, जन्मात घाल.
बाबा म्हणतात, बायबलात घाई नको.
शेवटी पेन्सिलीने लिहिलं,
खोडावं लागलं तर खोडता येईल इतकं पुसट.

लिहिता लिहिता मागचं पान उलटलं गेलं.
समासात, कुठल्याच रकान्यात नाही, पणजीचं अक्षर:
"गिडियन. बोट घेऊन गेला, १९२१. अजून आला नाही."
पेन्सिलीतच.
शंभर वर्षांत कुणी त्यावर शाई फिरवली नाही
आणि कुणी रबरही लावला नाही.
देव आहे का, हे या घरात मला कधी कुणी विचारलं नाही.
विचारलं तर हे पान दाखवीन,
पुढचं ज्याचं त्याने पाहावं.

मी बायबल मिटत होते. बाबांचे डोळे मिटलेले,
मला वाटलं झोपले.
"टायरचंही लिही," म्हणाले.

फेब्रुवारीत मी एकटी सात तास गाडी हाकत
सेंट जॉन्सच्या इस्पितळात गेले होते, गाठ दाखवायला.
घरी सांगितलं होतं, टायर घ्यायला जाते.
गाठ साधी निघाली. टायर जुनेच राहिले.
कुणी चकार शब्द काढला नाही.
फक्त परतले तेव्हा माझ्या दारात
छातीइतकी उंच लाकडं रचलेली होती,
आणि बाबांचा हात तेव्हाही थरथरत होता.

पेन्सिलीला टोक केलं.
समासात, गिडियनपासून थोडं दूर, लिहिलं:
फेब्रुवारी. टायर.