डावी स्लाइड, उजवी स्लाइड

एकतीस वर्षं मी नाराला जात होतो
दर सोमवारी, दुपारी दोन ते साडेतीन,
काळे पडदे ओढून.

घारपुरेबाई म्हणायच्या, "डावी",
की मी तोदाईजीचं महाद्वार उभं करायचो.
"उजवी",
की शेजारी पाच मजली पॅगोडा.
एकदा स्लाइड उलटी बसली
आणि बुद्धाने उजव्याऐवजी डावा हात उचलला.
वर्गात कुणाच्या लक्षात आलं नाही.
मी मात्र आठवडाभर बाईंची नजर चुकवली.

पावसाळ्यात देवळांवर बुरशी चढायची.
काठाला धरून, श्वास रोखून
मी कौलं पुसायचो.
कासुगाचे दिवे म्हणे तीन हजार,
आमच्या खात्याला परवडले
ते अकरा.

मग निवृत्ती. मग स्लाइडी कपाटात, किल्ली कुणाकडे कोण जाणे.
मग शलाकाला ओसाकात नोकरी लागली,
आणि तिने हाताला धरून मला नेलं
मी इतकी वर्षं जिथे होतो तिथे.

महाद्वार खरंच होतं.
त्याला मागची बाजू होती.
पॅगोडा दुरुस्तीसाठी गुंडाळून ठेवलेला,
माझ्या कपाटातला बरा.
हरणं मान लववून खाऊ मागत होती,
एकाने माझा नकाशा खाल्ला
देवळांच्या नावांसकट.

आत बुद्ध. अंधार.
धूप, जुनं लाकूड, कुणाचं तरी रडणारं पोर.
बाईंनी सनावळ्या सांगितल्या होत्या,
वास कधी नाही.

उभा राहिलो. उभाच राहिलो.
"बाबा, चला ने, बंद करतील आता,"
शलाका म्हणाली, ओसाकात राहूनही बडोद्याचीच.
तिला काय सांगणार,
पाठीमागून कुणी "पुढची" म्हणेल
म्हणून थांबलोय.

परत आलो.
विश्वामित्रीच्या पुलावर मगर बघायला नेहमीसारखी गर्दी.
ती काही कुणापुढे मान लववत नाही.
काल संध्याकाळी काशीविश्वेश्वराला गेलो,
जन्मभर येता-जाता बाहेरूनच हात जोडलेला देव.
मागच्या भिंतीवर
ओल, एक पंचा वाळत घातलेला,
खडूने लिहिलेला कुणाचा तरी फोन नंबर.
महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच असते.
डावीकडून गेलो, गोमुखाशी थांबलो,
वळलो,
उजवीकडे आलो.

पुजारी दिवे मालवत होता.
मी म्हटलं, राहू द्या जरा.