शेवटचं पान नसलेली प्रत

घोडपदेवला, पिठाच्या गिरणीच्या वर
आमचं वाचनालय. पुस्तक झटकलं
की आधी पीठ पडतं, मग अक्षरं दिसतात.
नव्या सभासदाला वाटतं धूळ.
नाही हो, ज्वारी. मंगळवारी बाजरी.

एकवीस वर्षं मी या टेबलाशी.
कोण कसं वाचतं, ते मला
परत आलेल्या पुस्तकाच्या अंगावरून कळतं.

घाडीगांवकर गोदीत क्रेन चालवायचे.
एक जहाज हललं, दुसरं लागायचं,
तेवढ्यात वरच्या केबिनमध्ये पंधरा पानं.
रिटायर झाले तरी पंधराव्या पानाला थांबतात,
खाली कोणी हाक मारतंय का, बघतात.

सरोजिनी तांडेल उभ्यानंच वाचते.
पहाटे तीनला उठलेली बाई, बसली की डोळा लागतो.
पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, त्यावर प्लास्टिक,
तरी पापलेटाचा वास येतोच. मी दंड लावत नाही.
गोष्टीतली रडकी बाई तिला सोसत नाही.
"हिच्या डोक्यावर एक दिवस टोपली द्या,
दुसऱ्या प्रकरणात शहाणी होईल."

रज्जाक मुल्ला, टेलर, मोठ्यानं वाचायचे.
समोर बायको काजं करत बसायची.
समासात त्यांच्या खडूच्या रेघा:
निळी, म्हणजे तिथं ती हसली.
पांढरी, म्हणजे म्हणाली, "हे परत वाचा."
पांढऱ्याच जास्त. पुसायला माझा हात होत नाही.

तर ती हिरव्या पुठ्ठ्याची जाड कादंबरी.
सगळ्यांनी वाचलीय. शेवटचं पान नाही तिला.
कधी गेलं, कुणी नेलं, रजिस्टरात नोंद नाही.
बकुळा धक्क्यावर उभी, पायाशी पत्र्याची ट्रंक,
होडीवाला म्हणतो, "बाई, ओहोटी लागली, येताय का?"
आणि पुठ्ठा.

"नाही गेली," घाडीगांवकर म्हणतात. "ट्रंकेत
सासूची पितळी भांडी आहेत, प्रकरण नऊ बघा.
दोन माणसांचं वजन ते. मला वजन कळतं."
"गेली! ट्रंक तिथंच टाकून गेली," तांडेल म्हणते.
"ओहोटी काय हिच्या भांड्यांसाठी थांबणार?"
हे भांडण जिन्यात चालतं,
गिरणीवाला खालून ओरडेपर्यंत.

गेल्या महिन्यात तन्मयी सोनावणे, बारावीची,
किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून
तीच कादंबरी घेऊन आली. चाळीस रुपये. अख्खी.
"काकी, पान आहे!" धापा टाकत म्हणाली.
घाडीगांवकरांनी चष्मा काढला. पुसला.
पुन्हा घातला नाही.
तांडेल म्हणाली, "मासळी उन्हात आहे माझी," आणि गेली,
संध्याकाळचे सात वाजले होते.

मुल्ला तेवढे जवळ आले.
"पोरी, आत्ता नको उघडूस.
हिच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघांनी
बकुळेला होडीत बसवलं. हिनंच सांगितलं तसं.
दोन वर्षं झाली. आता तिला उतरवायचं म्हणजे..."
मग त्यांनी दुसरंच पुस्तक मागितलं, स्वयंपाकाचं.

दाखल क्रमांक सहा हजार एकशे बारा.
शिक्का मारला, तारखांचा कागद चिकटवला.
कपाटात समोरच ठेवलीय, दिसेल अशी.
कागद कोरा आहे.
फाटकी प्रत मात्र बाहेर, तांडेलकडे.
तिच्यानंतर घाडीगांवकरांचा नंबर,
ट्रंक पुन्हा तोलायचीय म्हणतात.
मग तन्मयी. तीसुद्धा!

आणि मी? एका दुपारी वीज गेली,
गिरणी बंद, जिना रिकामा.
सहा हजार एकशे बारा काढलं,
मागचा पुठ्ठा उघडला, डोळे मिटून.
पान चिमटीत धरून बोट फिरवलं.
जुन्या छपाईचा ठसा हाताला लागतो.
दोन्ही बाजूंनी छापलंय.
म्हणजे हो किंवा नाही एवढंच नाहीय तिथं,
बरंच काही आहे.

एवढ्यात वीज आली, खाली पट्टा फिरू लागला,
टेबल थरथरलं.
पुस्तक जागेवर ठेवलं.
हाताला पीठ लागलं होतं.