राज्य कुणावर

घणसोली गावठाणात बालवाडीच्या मागे
एक नळ गळतो. तीन वर्षं अर्ज करतेय.
शेवटी त्या गळतीवरच अळू लावलं,
सहा कंद, हिराबाईंच्या मोरीमागून उपटून आणलेले.

माझा भाऊ जहाजावर असतो. सुट्टीत सांगत होता,
हवाई बेटांवर अळूला थोरला भाऊ मानतात.
आधी अळू जन्मलं, मग माणूस.
थोरल्याने पोसायचं, धाकट्याने जपायचं.
हे मी चार वर्षांच्या बावीस जणांना सांगितलं
आणि त्यांना ते ताबडतोब पटलं.
अडला फक्त तुहिन. त्याचा दादा चिमटे काढतो.
दुपारी देठाचा चीक लागून हात खाजला,
तेव्हा त्यालाही पटलं.

आता सकाळी आधी मागे धावतात.
"दादा उठला?"

अळवावरचं पाणी टिकत नाही
हे आपण मोठ्यांनी ठरवून टाकलेलं.
ही पोरं जीभ बाहेर काढून, श्वास धरून,
एका पानावरचा थेंब दुसऱ्या पानावर नेतात.
सांडला तर पुन्हा.

भावाने आणखी एक शब्द आणला होता: कुलेआना.
हक्क आणि जबाबदारी, दोन्हींना मिळून एकच.
मी समजावत बसले,
झाड आपलं म्हणून पाणी आपण घालायचं,
पाणी आपण घालतो म्हणून झाड आपलं.
जाफरने जांभई दिली. मी डबे उघडायला सांगितले.

फेब्रुवारीत पालिकेचा माणूस आला,
पान्याने दोन पिळे दिले, नळ बंद.
सही घेतली. मी आभारसुद्धा मानले.

सोमवारी पानं खाली मान घालून.
कुणी रडलं नाही. यज्ञा म्हात्रे
बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिली,
आजी बघते तशी.
मग म्हणाली, "बाई, आता आपल्यावर राज्य आयलं."

लपाछपीत ज्याच्यावर राज्य
तोच भिंतीशी डोळे मिटून उभा,
तोच सगळ्यांना शोधत फिरणार.
त्याला राज्य का म्हणतात
हे मला बत्तीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

बाटल्यांची झाकणं भरून रांग निघाली.
तुहिनचं अर्धं पाणी सँडलवर सांडलं,
थोडं त्याने पिऊन टाकलं.
उरलं ते दादाला.